एकाच बंदरावर आठ दिवस

नेरमध्ये दादाचं कृषी केंद्र आहे. मार्च उजाडला की तिथं फारसं कोणी फिरकत नाही. पऱ्हाटी उपटून झालेली असते, फरदडीचा शेवटचा कापूस कोणाच्या तरी ओसरीत भाव वाढायची वाट बघत पडलेला असतो आणि बियाण्यांच्या पाकिटांना अजून दोन महिने अवकाश असतो. अशा संध्याकाळी दुकानासमोर दोन खुर्च्या पडतात. एकीवर दादा, दुसरीवर जो सापडेल तो. त्या दिवशी मी सापडलो. आम्ही दोघं नवराबायको आदल्याच आठवड्यात कोकणातून परतलो होतो आणि दादाला हिशेब हवा होता.

दादा माझा मावसभाऊ, सहा वर्षांनी मोठा. त्याच्या मते शाळेत मराठी शिकवून शिकवून मी बोलायलाही पुस्तकासारखा झालोय. पुढच्या बोलण्यात माझी वाक्यं इस्त्रीची वाटली तर तो दोष जुना आहे.

“सात-आठ दिवस,” दादा म्हणाला, “अन् एकच गाव?”

“एकच. वेंगुर्ला.”

“मालवण?”

“नाही.”

“सिंधुदुर्ग किल्ला?”

“नाही गेलो.”

“गोवा किती लांब थ्याहून?”

“जवळच आहे. दीड-दोन तासांत पणजी.”

“अन् गेला नाही तू.”

“नाही.”

दादानं रस्त्याकडे बघितलं. यवतमाळहून अमरावतीकडे जाणारी एसटी धूळ उडवत गेली. “तुह्या पेन्शनीचं काय करावं बाप्पा,” तो म्हणाला.

दादाचं कोकण वेगळं. तीन वर्षांपूर्वी भाड्याची गाडी करून नऊ माणसं निघाली होती. गणपतीपुळे, रत्नागिरी, मालवण, तारकर्ली, गोवा, येताना कोल्हापूरची अंबाबाई आणि पंढरपूर. सगळं सात दिवसांत. त्यातला प्रत्येक मुक्काम त्याला अजून पाठ आहे. सिंधुदुर्गावर महाराजांच्या हातापायांचे चुन्यातले ठसे बघताना किती रांग होती, पुजाऱ्यानं काय सांगितलं, परतीची होडी किती वाजता सुटली, सगळं. मी त्याला एकदा म्हटलं होतं, तू कोकण पाहिलं नाहीस, हजेरी घेतलीस. ते त्याच्या मनात होतंच.

“तू मले हजेरीवाला म्हणते,” तो म्हणाला, “पण हजेरी घ्याले वर्गात सगळी पोरं आली तर पाहिजेत ना. इथून समुद्र सहाशे किलोमीटरच्या वर. माणूस आयुष्यात एकदा जाते. एकदाच जेवाले बसलं तर एकाच भाजीवर कायले उठावं?”

“एकदाच जेवायचं असेल तर निदान चव तरी कळावी.”

“चव कळाले आठ दिवस लागत नाही. पहिल्या घासाले कळते.”

खरं सांगायचं तर हा आठवडा आम्ही ठरवलेला नव्हता, गाडीनं ठरवला होता. नागपूर–मडगाव ही विशेष गाडी आठवड्यातून दोनच दिवस धावते. संध्याकाळी बडनेऱ्याला बसायचं, रात्र खानदेशात घालवायची, सकाळी डोळे उघडतात ते बोगद्यांच्या अंधारात, आणि दुपारी कुडाळ. तिथून मठमार्गे वेंगुर्ला पाऊण-एक तास. जाताना रविवारी पोचलो, परतीचं तिकीट पुढच्या रविवारचं मिळालं. मधल्या दिवसांचं काय करायचं ते ठरवायचं राहून गेलं आणि मग ठरवलंच नाही.

हे मी दादाला सांगितलं तर तो खूश झाला. “म्हणजे रेल्वेनं अडकवलं. तू त्याले तत्त्वज्ञान म्हणून राहिला.”

“तिसऱ्या दिवशी मलाही तसंच वाटलं,” मी म्हटलं. आणि ते खरं होतं. पहिल्या दिवशी समुद्र बघितला. दुसऱ्या दिवशी बाजार, बंदरावरची टेकडी, दीपस्तंभ, मांडवीच्या खाडीवरचा झुलता पूल. तिसऱ्या दिवशी सकाळी दहा वाजता माझं वेंगुर्ला संपलं होतं. मी खोलीत बसून एसटीच्या वेळा बघत होतो. आम्ही उतरलो होतो त्या घरच्या मालकीणबाई दारात काजूच्या बिया वाळत घालत होत्या. त्या म्हणाल्या, “घाई कित्याक? समुद्र खंय पळान जाता काय?” आमची ही तोपर्यंत त्यांच्या स्वयंपाकघरात पोचली होती. पाटवडी शिकवत होती. संध्याकाळी आम्हाला वडीच्या रश्श्यात नारळ मिळाला. त्याबद्दल मी काही बोलत नाही.

“म्हणजे सूनबाई थेही जाऊन चुलीपाशीच,” दादा म्हणाला.

“तिला कोणी बसवलं नव्हतं. तिला करमत नव्हतं.”

“पाय. करमत नव्हतं. माणसाले एका जागी करमत नसते. तू आठ दिवस बसला म्हणजे पाच दिवस कंटाळला अन् तीन दिवस कंटाळ्याची सवय झाली.”

दादाशी वाद घालताना ही पंचाईत असते. तो चूक असतो तिथंही त्याचं वाक्य बरोबर असतं.

मी डचांचा आधार घेतला. १६३७ मध्ये त्यांनी वेंगुर्ल्यात वखार घातली. तिच्या पडक्या भिंती अजून उभ्या आहेत, आत झाडं माजली आहेत. डचांचं लक्ष गोव्यावर होतं. दरसाल त्यांची जहाजं मांडवीच्या मुखाशी पोर्तुगिजांची वाट अडवून उभी राहत, आणि त्यांना अन्नपाणी, बातम्या वेंगुर्ल्याहून जात. ही गोव्याजवळची मांडवी, वेंगुर्ल्याच्या खाडीचीच नावबहीण. वखारीतले लोक काय करत? पत्रं लिहीत. कोण आलं, कोणाची फौज कुठं आहे, शिवाजी महाराज कोणत्या बाजूला वळले. आज शिवकालाच्या अभ्यासकांना त्या पत्रांचा उपयोग होतो. “एका जागी बसून राहिलेल्या माणसांनी ते लिहिलं,” मी म्हटलं. “पुढच्या गावाला पळणाऱ्यानं नाही.”

“थे बसाले नव्हते आले,” दादा म्हणाला. “गोव्याचा गळा दाबाले आले होते. त्याहिले पगार होता. तू वखार नाही घातली, खोली घेतली.”

मग मी खांडेकरांना आणलं. आम्ही एकाच दिवशी गाव सोडलं होतं, एसटीनं शिरोडा आणि आरवलीपुरतं. शिरोड्याला मिठागरं बघितली. १९३० च्या मे महिन्यात इथं मिठाचा सत्याग्रह झाला. वि. स. खांडेकर १९२० मध्ये इथल्या शाळेत शिक्षक म्हणून आले आणि १९३८ पर्यंत राहिले. “अठरा वर्षं,” मी म्हटलं. “एकाच किनाऱ्यावर, एकाच शाळेत.”

“अन् तू अठ्ठावीस वर्षं एकाच शाळेत होता. त्याले आम्ही सहल म्हटलं नाही.”

मी हसलो. काय करणार?

आरवलीचा वेतोबा मात्र दादाला आवडला. रात्री गावाची राखण करायला हा देव पायी फिरतो, त्याच्या चपला झिजतात, म्हणून नवस फेडायला भक्त त्याला भल्यामोठ्या चामड्याच्या चपला वाहतात आणि केळीचे घड. देवळात चपलांची रांग आहे. “हा देव फिरते,” दादा म्हणाला. “तुह्यासारखा खाटेवर नाही पडत.”

“एकाच गावात फिरतो, दादा. रोज त्याच वाटा.”

यावर तो गप्प बसला. पहिल्यांदाच. चहा आला म्हणूनही असेल.

चहा पिता पिता तो मावशीबद्दल बोलला. त्या सहलीत मावशी होती. वय शहात्तर. तिनं आयुष्यात समुद्र पाहिलेला नव्हता, मोठं पाणी म्हणजे धरणाचं. गणपतीपुळ्याला ती पाण्यात उतरली नाही. काठावर उभी राहून तिनं नमस्कार केला आणि ओंजळीनं पाणी घेऊन तोंडाला लावलं. खारट लागल्यावर तिनं थुंकलं नाही, गिळलं. तिथून पुढं पंढरपूर येईपर्यंत ती गाडीत मागच्या सीटवर जागी राहिली. झोपली तर काही चुकेल अशी तिला भीती होती. गेल्या वर्षी मावशी गेली.

“आता तू सांग,” दादा म्हणाला, “तिले मी सांगतलं असतं, आई, आपण एकाच गावात आठ दिवस राहू अन् चव घेऊ, तर तिनं काय म्हटलं असतं? तिले पंढरपूर पाह्यचं होतं, अंबाबाई पाह्यची होती, गोव्याची थे मोठी चर्चही पाह्यची होती. ती आठ दिवस बसाले तयार झाली नसती. बसणं तिनं घरी शहात्तर वर्षं केलं.”

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं, अजूनही नाही. निवांत प्रवास चांगला, पण ज्याला परत जायची शक्यता आहे त्यालाच तो परवडतो. ज्याची पुढची खेप नक्की नाही, त्यानं एका गावात बसायचं म्हणजे बाकीची सगळी गावं कायमची सोडायची. मला निवृत्तिवेतन आहे, गुडघे अजून चालतात, गाडी आठवड्यातून दोनदा आहे. माझा निवांतपणा या तीन गोष्टींवर उभा होता. मी तसं बोललो.

“मंग झालं,” दादा म्हणाला.

“झालं नाही. मावशीला जे हवं होतं ते तुला हवं होतं का? तू तर पुढच्या वर्षी परत जाऊ शकतोस.”

“मले कायले जाऊ? पाह्यलं ना.”

इथंच आमचं खरं भांडण आहे. एकदा पाहिलं की ते ठिकाण झालं, असं दादा मानतो. मला वाटतं बंदर हे बघायचं ठिकाणच नाही. देऊळ बघून होतं, किल्ला बघून होतो, कारण ते जिथल्या तिथं उभे असतात. बंदर सकाळी एक असतं, दुपारी दुसरं. आणि त्याचं निम्मं काम म्हणजे वाट बघणं. भरती-ओहोटीची, वाऱ्याची, होडीची. पूर्वी मुंबईहून आगबोट यायची तीही धक्क्याला लागत नसे. समुद्रात उभी राहायची, आणि माणसं, ट्रंका, कोंबड्या पडावातून किनाऱ्याला यायच्या. पावसाळ्यात बोट बंद. गाव चार महिने वाट बघायचं. आताही १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारीला बंदी असते. होड्या वर ओढलेल्या, जाळी दुरुस्तीला काढलेली. हे सगळं एका दुपारच्या थांब्यात कसं दिसणार?

“वाट पाहणं आमाले शिकवू नको,” दादा म्हणाला. “जून उजाडला की मी या दुकानात बसून तेच पाहतो. मृग लागला, पाणी नाही. पेरलं, पाणी नाही. दुबार पेरणीचं बियाणं उधारीवर मागाले लोक येतात. आमच्या वाट पाहण्याले कोणी पर्यटन म्हणून येत नाही.”

“येत नाही, कारण इथं समुद्र नाही.”

“म्हणजे समुद्राचेच पैसे. वाट पाहण्याचे नाही.”

मग मी वेंगुर्ल्याच्या उतरणीकडे वळलो, म्हटलं यात तरी कापूस आहे. आंबोलीच्या घाटातून बेळगावकडचा माल एकेकाळी बैलगाड्यांनी वेंगुर्ल्याला उतरायचा, धारवाडकडचा कापूसही. बेळगावात अजून ‘वेंगुर्ला रोड’ आहे. मग १८८८ च्या सुमाराला गोव्यातल्या मार्मागोव्यापर्यंत रेल्वे गेली, घाटावरचा माल तिकडं वळला आणि वेंगुर्ल्याच्या गोदामांना उतरती कळा लागली. आपल्याकडे उलट झालं. वऱ्हाडचा कापूस आधी बैलांच्या पाठीवरून पार गंगाकाठच्या मिर्झापूरपर्यंत जात असे. रेल्वे आली आणि तो मुंबई बंदराला लागला. १९०३ मध्ये यवतमाळ–मूर्तिजापूरची शकुंतला रेल्वे आपल्या दारव्ह्यावरून सुरू झाली तीही कापसाच्या गाठी बंदराकडे न्यायलाच. म्हणजे एक रूळ पडला आणि तिथलं बंदर बसलं. दुसरा पडला आणि इथल्या शेतकऱ्याचा भाव लांबच्या बंदरावर ठरायला लागला.

दादा हे लक्ष देऊन ऐकत होता. कापूस म्हटला की तो ऐकतो. “आपला माल बंदरावर गेला,” तो म्हणाला, “पण आपण नाही गेलो. गेलं कोण? माल. अन् आता तू गेला, तर बसाले.”

“आणखी एक ठिकाण बघितलं,” मी म्हटलं. “कचरा डेपो.”

“काय?”

“वेंगुर्ला नगरपरिषदेचा. प्रसिद्ध आहे. ओला-सुका वेगळा करतात, ओल्याचा गॅस आणि खत, प्लास्टिक भरडून रस्त्याच्या डांबरात. जिथं ढीग होते तिथं आता बाग आहे.”

दादानं कपाळाला हात लावला. “गोवा सोडून कचरा पाह्यला गेला.” मग थोडं थांबून म्हणाला, “वास येते का?”

“नाही.”

“नाही?”

“अजिबात नाही.”

तो काही बोलला नाही. नेरच्या कचऱ्याबद्दल आम्ही दोघंही बोललो नाही.

चौथ्या दिवसापासून माझी सकाळ नवाबागच्या किनाऱ्यावर जायला लागली होती. तिथं रापण बघितली. होडी जाळं घेऊन समुद्रात अर्धा वळसा घालते, जाळ्याच्या दोन टोकांचे दोर किनाऱ्यावर, आणि दोन्ही दोरांना माणसं. ओढायला कितीतरी वेळ लागतो. हळूहळू दोन्ही रांगा एकमेकांकडे सरकत येतात. म्हातारी माणसं, पोरं, सगळी. मासळी आली की वाटे पडतात, जाळ्याचा वाटा, होडीचा वाटा, ओढणाऱ्यांचा वाटा. पाचव्या दिवशी मीही दोर धरला. माझ्या पुढचा म्हातारा एकदाही मागं वळला नाही, पण शेवटी त्यानं माझ्या हातात चार बांगडे ठेवले. घरी नेले तर मालकीणबाई हसल्या. एवढ्यात तुमचा वाटा, त्या म्हणाल्या, म्हणजे आज मासळी कमीच होती.

“मजुरी म्हणून चार मासे,” दादा म्हणाला. “रोजगार हमीहून कमी.”

“पण चौथ्या दिवसाआधी मला त्या दोराला कोणी हात लावू दिला नसता.”

“कोणी अडवलं होतं?”

“कोणी अडवलं नव्हतं. मला विचारायचं सुचलं नसतं.”

आणि मग मी लिलावाचं सांगितलं. बंदरावर होड्या लागल्या की मासळी पाट्यांतून खाली येते, बायका भोवती गोळा होतात. मासळीचा ढीग समोर, आणि बोली सुरू.

“हर्रास,” दादा खुर्चीत पुढं सरकला.

“हर्रासच. पण वजन नाही.”

“म्हणजे?”

“काट्यावर टाकत नाहीत. ढीग नजरेनं बघायचा आणि बोलायचं. पाटीत किती असेल, मोठा किती, बारका किती, सगळं नजरेनं.”

“वजन न करता?” दादाचा विश्वास बसेना. हे त्याला समजणं अवघड होतं, कारण त्याची अर्धी हयात काट्याशी भांडण्यात गेली. १९७२ ला एकाधिकार कापूस खरेदी सुरू झाली तेव्हा तो शाळेत होता. पुढं वडिलांबरोबर गाडीवर झोपून रांगेत रात्री काढल्या. ओलावा जास्त म्हणून भाव कमी, कचरा आहे म्हणून कटती, ग्रेडरनं बोट घातलं की प्रत उतरली. आता मशीन लावून ओलावा मोजतात, ८ टक्क्यांपर्यंत ठीक, १२ च्या वर गेला की हमीभावाच्या खरेदीत घेतच नाहीत. आणि इथं बायका नजरेनं माल घेतात!

“मंग फसत नाही का?”

“एखाद्या दिवशी फसतच असतील.”

“हमीभाव?”

“मासळीला नसतो.”

“खाली भावानं गेलं तर बोटवाला माल मागं घेते का? कापूस तरी घरी ठेवता येते.”

“मासा कुठं ठेवणार?”

“बर्फात,” दादा म्हणाला. “बर्फ कोणाचा? बोटवाल्याचा का घेणाराचा?”

“ते… विचारलं नाही.”

“डिझेल कोण भरते? उचल देते का कोणी? अडत्या असते का मधात?”

“एक माणूस वहीत लिहून घेत होता खरा.”

“मंग थोच अडत्या. टक्के किती?”

मी गप्प.

“चुकारा किती दिवसांनी देतात? नगदी का आठवड्याला?”

चुकारा हा शब्द ऐकल्यावर माझ्या डोळ्यांपुढं ती सकाळ पुन्हा आली. तो वहीवाला, पाट्या उचलून रिक्षाकडे जाणाऱ्या बायका, आणि धक्क्याच्या कठड्यावर बसलेला मी. सलग तीन सकाळी मी तिथं बसलो होतो. उजेड कसा पडतो ते बघितलं, बायकांचे आवाज ऐकले, घरी येऊन दोन पानं लिहिलीही. पैसे हातात कधी पडतात हे मला एकदाही विचारावंसं वाटलं नव्हतं.

“सात दिवस होता ना तू थ्या?” दादा म्हणाला. या वेळी तो चिडवत नव्हता. त्याला खरंच हवं होतं.

“होतो.”

“त्या बाईचा नंबर आहे का, जिच्या घरी उतरला होता? नवरा बोटीवर जाते म्हणाला ना तू?”

“मेव्हणा जातो.”

“मंग लाव ना. आत्ता असंल घरी.”

दुकानासमोरचा दिवा लागला होता. मी फोन काढला. दादानं खुर्ची जवळ ओढली आणि काउंटरवरची उधारीची वही उलटी करून मागचं कोरं पान काढलं.